मातीसाठी सोडलेली जागा

लग्नाआधी चाक ही एक गोल वस्तू असते आणि ती फिरते, एवढंच मला माहीत होतं. माहेरी सायकल होती, ती वडिलांची. तिला आम्ही बहिणी हातसुद्धा लावत नसू. सासरी आले तर अंगणात जीप उभी. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, ती सरकारी लिलावात घेतलेली. तिला दारं नव्हती, वरचं ताडपत्रीचं छप्पर फाटकं होतं, आणि ती सुरू झाली की महाल भागातल्या आमच्या गल्लीतली मांजरं पळून जात. पहिल्या दिवसापासून मला तिचा राग होता. नवी सून म्हणून तेव्हा बोलता आलं नाही; ते मी पुढे भरून काढलं.

सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं होती. आमचे हे गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात बसत. मामाजींचा जीव मात्र कापडात नव्हता, कापसात होता. उमरेडच्या पुढे, एका फाट्यापासून आत, त्यांचं वावर होतं. आमच्याकडे शेताला वावरच म्हणतात. दर रविवारी मामाजी जीप घेऊन निघायचे, फाट्यावरच्या कडुलिंबाखाली ती उभी करायचे आणि पुढची पांदण पायी चालायचे. पांदण म्हणजे दोन्ही बाजूंनी काटेरी कुंपण असलेली बैलबंडीची वाट. संध्याकाळी परतले की घोट्यापर्यंत काळ्या मातीने माखलेले पाय घेऊन ओट्यावर बसायचे आणि मी पाणी घेऊन जाईपर्यंत फरशीवर त्यांच्या पावलांचे ठसे उमटलेले असायचे. मी ते ठसे पुसत असे, आणि दर रविवारी मनातल्या मनात तेच तेच बोलत असे.

मग एका उन्हाळ्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. जीव वाचला, बोलणंही पूर्वीसारखं झालं, हातही कामाला आले. पण पाय काही परत आले नाहीत. त्यांना खुर्चीत बसवावं लागे, आणि पाठीला टेकू नसला तर ते कलंडत. माझी फरशी आता दिवसच्या दिवस स्वच्छ राहू लागली, आणि रविवारी संध्याकाळी मी तरीही फडकं घेऊन ओट्यावर जात असे.

त्यांनी स्वतःसाठी काहीच मागितलं नाही. फक्त एक. कापसाचा पहिला वेचा सुरू करायच्या आधी आमच्याकडे वावरात सीतादही करतात. फुटलेल्या कापसाच्या झाडांशी दहीभात ठेवायचा, हळदकुंकू वाहायचं, आणि मग पहिलं बोंड तोडायचं. ते पहिलं बोंड मामाजींनी आयुष्यभर आपल्या हाताने तोडलेलं. आजारपणापासून त्यांच्याशिवायच सीतादही होत होती, गावातले चुलतदीर करत होते. आम्ही म्हटलं, आम्ही तुम्हाला नेतो, फाट्यावरून लांबून तरी वावर दिसेल. ते भडकले.

"दिसून काय करू मी? पायाले माती लागली पाह्यजे. नाई तं कायची सीतादही!"

बैलबंडीतून न्यायचा बेत झाला होता, पण जो माणूस उभ्याने बंडी हाकायचा त्याला आडवं घालून न्यायचं म्हणजे काय, ते एका वाक्यात कळलं. "मी पोतं हाय काय?" असं विचारून त्यांनी तोंड फिरवलं. खांद्यावर उचलून न्यायलाही नकार. "खांद्यावर जायचा दिवस येईनच. त्याच्या आधी नाई."

राहिली जीप. तिची पुढची खुर्ची त्यांची होती, तिला पाठ होती, आणि जीपमध्ये बसून जाणं त्यांना कमीपणाचं वाटत नव्हतं. एका वर्षी ह्यांनी ती फाट्यावर न थांबवता पांदणीत घातली. बंडीच्या चाकांनी वर्षानुवर्षं खोदलेल्या दोन खोल चाकोऱ्या आणि मध्ये मातीचा उंचवटा. थोडं अंतर गेलो आणि जीप पोटावर त्या उंचवट्यावर बसली. चाकं नुसती गरगर फिरायला लागली. गावच्या बैलांनी आम्हाला मागे ओढून काढलं. घरी आल्यावर मामाजी भिंतीकडे तोंड करून झोपले. ती पाठ मी अजून विसरलेले नाही.

म्हणून पुढच्या वर्षी उंच टायर. टायर उंच झाले की जीपचं पोट वर उचललं जाणार आणि उंचवटा खालून निघून जाणार, इतका सरळ हिशेब. मिलिटरीच्या लिलावात निघालेले चार जाडजूड, खोल खाचांचे टायर ह्यांनी शोधून काढले. कापडवाले असल्याने घासाघीस मनसोक्त केली आणि विजयी वीरासारखे घरी आले. टायर बसवले. जीप खरोखरच उंच दिसायला लागली. गल्लीच्या तोंडाशी वळली आणि खर्र असा आवाज आला. दुसऱ्या बाजूला वळली, पुन्हा खर्र.

"दुकानात घासाघीस करून आणले, आता ते घासणारच," मी म्हटलं. हे हसले नाहीत.

कॉटन मार्केटजवळच्या मिस्त्रीने ऐकलं, मान डोलावली आणि तो म्हणाला, "फिकर नका करू भाऊ. मडगार्डले लागून राह्यलं. ठोकून देतो, आवाज बंद." त्याने मडगार्डची कड हातोडीने वर वळवली. आवाज तसाच. आणखी वळवली. मडगार्डचा पापड झाला, खर्र काही थांबली नाही. मग त्याने दुसरा उपाय सांगितला: स्टेअरिंगचा बोल्ट पुढे घ्यायचा, म्हणजे चाक पूर्ण वळणारच नाही. वळणार नाही तर घासणार नाही. पण मग आमच्या गल्लीच्या तोंडातून जीप बाहेर कशी पडणार? आणि पांदणीत विहिरीजवळ एक आडवं वळण होतं, तिथे बंडीसुद्धा सांभाळून घ्यावी लागे. लहान टायर लावले तर पोट अडणार, मोठे लावले तर चाक घासणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच, शिवाय आमच्याकडे विहीर खरीच होती.

त्या दिवसांत एका दुपारी मी धुणं वाळत घालताना सहज मडगार्डखाली वाकले. इतकी वर्षं त्या जीपचा राग केला, पण तिच्या आत कधी डोकावले नव्हते. ह्यांना म्हटलं, जरा स्टेअरिंग फिरवा. हे फिरवत राहिले आणि मी पाहत राहिले. ते एवढं थोरलं चाक त्या काळोख्या कोनाड्यात हळूहळू वळत होतं. ते फिरतं, हे मला माहीत होतं. पण ते वळतंही, आणि खड्डा आला की वर चढतं, खाली उतरतं, आणि हे सगळं एकाच वेळी, हे त्या क्षणी पहिल्यांदा कळलं. त्या प्रत्येक हालचालीसाठी कोणीतरी आधीच विचार करून हवा तेवढा रितेपणा राखून ठेवला होता. मला वाटायचं गाडी लोखंडाची असते. ती अर्धी रिकाम्या जागेची असते! हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं आणि त्याचं पाणी माझ्याच पायांवर ठिबकत होतं, ते सासूबाईंनी हाक मारली तेव्हा लक्षात आलं.

तेव्हापासून माझा राग गेला. त्याच्या जागी जे आलं त्याला मी नाव देऊ शकत नाही, पण देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, त्यातलं ते काहीतरी होतं.

दसरा आला. आमच्याकडे दसऱ्याला घरातल्या सगळ्या गाड्या-अवजारांची पूजा होते. विळा, सुरी, शिवणयंत्र, आणि अर्थातच जीप. झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. कुंकू कालवायचं काम माझ्याकडे. मी घाईत त्यात पाणी जास्त ओतलं, मग घट्ट व्हावं म्हणून तेल घातलं, आणि ते आणखीच बिघडलं. टायरवर स्वस्तिक काढायला गेले तर स्वस्तिक वाहून गेलं. शेवटी चिडून मी वाटीच्या वाटी त्या पुढच्या टायरांवर उपडी केली.

सासूबाई ओरडल्या, "कुंकू हाय का रंगपंचमी? एवढं पातळ काहून केलं वं?"

टायरच्या खोल खाचांतून ते लाल पाणी आतल्या बाजूला पार पलीकडच्या कडेपर्यंत उतरलं होतं. शुभदिनी भांडण नको म्हणून मी वाटी उचलून आत गेले. संध्याकाळी हे मामाजींना पुढे बसवून सीमोल्लंघनाला घेऊन गेले. जाताना खर्र, येताना खर्र. परतल्यावर आपट्याची पानं द्यायला मी जीपजवळ गेले, तर काही पानं चाकाशी पडली. ती उचलायला वाकले आणि तशीच राहिले.

मडगार्ड कोरं होतं. ज्याला इतके दिवस बडवलं त्याच्यावर लाल रंगाचा ठिपकाही नव्हता. पण आत, चाकाच्या मागे, गाडीचं वजन झेलणाऱ्या लोखंडी पाट्यांची जी जुडी असते, तिच्या कुशीवर कुंकवाचा लख्ख ओरखडा होता. दोन बोटं रुंद, हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला बोट लावावं इतका नेमका. दुसऱ्या चाकाशी धावले. तिथेही तेच, त्याच जागी.

मी इतक्या जोरात हाक मारली की ह्यांना वाटलं विंचू चावला. सगळे जमले. मामाजींना खुर्चीतून दिसेना, म्हणून आरसा धरून दाखवलं. ते आरशात पाहून म्हणाले, "देवीनं बोट लावून दाखवलं गा." मी देवभोळी नाही. पण त्या संध्याकाळी माझे हात जोडले गेले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. कुंकू पातळ झालं होतं म्हणून सासूबाईंनी मला पुढे कधी टोकलं नाही, एवढं मात्र खरं.

आता रोग कळला होता. चाक बाहेर घासतच नव्हतं, आत घासत होतं. म्हणजे टायर तोच ठेवून चाक अख्खं बाहेर सरकवायला हवं. मिस्त्रीने वेगळ्या रिमा आणल्या. त्यांची मधली ताटली आतल्या अंगाला बसवलेली होती, त्यामुळे तेच टायर त्यांच्यावर चढवले की चाक पाट्यांपासून दूर, बाहेरच्या बाजूला बसतं. बसवल्यावर त्याने चाक पूर्ण वळवलं, मधल्या फटीत बोट घालून फिरवलं आणि म्हणाला, "बोटभर जागा हाय. एक नंबर."

मामाजी ओट्यावर खुर्चीत बसून ऐकत होते. "बोटभर कायले? मूठ जाऊ द्या."

"पण बाबा, टायर आता लागून नाई राह्यलं," हे म्हणाले.

"टायर नाई लागत. माती लागते. आपली माती एका जागी बसत नाई, चाकासंगं येते. तिले जागा ठेवा."

मिस्त्री आणि हे शहरातल्या डांबरी रस्त्यावर उभे राहून शहरातल्या कोरड्या टायरला जागा मोजत होते. ओली काळी माती चाकाला थरावर थर चढते आणि चाक बघता बघता पोसतं, हे मामाजींच्या पायांना ठाऊक होतं. मिस्त्रीने कुरकुरत आणखी बाहेर निघणाऱ्या रिमा शोधल्या, आणि जीपचं अंग वर राहावं म्हणून पाट्यांच्या जुडीत एक जादा पाटा घातला. मग परीक्षा. जीपचं एक चाक विटांच्या रचलेल्या ढिगावर चढवलं आणि वजन पडावं म्हणून गल्लीतल्या बायकांना आत बसवलं. कोणाचं वजन किती हे कोणी विचारायचं नाही, या अटीवर. सगळ्या खिदळत दाटीवाटीने बसल्या. स्टेअरिंग पूर्ण वळलं. मी गुडघ्यांवर बसून चाक आणि पाट्यांच्या मध्ये हात घातला आणि मूठ मिटली. बांगड्यांसकट मूठ आरपार गेली. तिला इकडे गार लोखंड नाही, तिकडे रबर नाही, नुसती हवा. एवढ्याशा रिकाम्या जागेवर एका माणसाची सीतादही टांगलेली होती.

भांडण झालं ते त्यानंतर. चाकं आता मडगार्डच्या बाहेर आली होती. मिस्त्री म्हणाला, "पुढचं चाक सारा चिखल बसणाऱ्याच्या पायावर उडवीन. रबराची पट्टी ठोकून देतो, झाकलं जाईन." मी लगेच हो म्हटलं. मामाजी नको म्हणाले. मी म्हटलं, तुमचं पांढरं धोतर मी धुते, मला विचारा काळी माती किती धुण्यांत निघते. ते म्हणाले, पट्टीत माती अडकेल. मी म्हटलं, पट्टी लांब ठेवू. ते म्हणाले, नको. मी म्हटलं, का नको ते तरी सांगा. त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "नको म्हटलं तं नको वं, सूनबाई." असा हट्टी म्हातारा मी पाहिला नव्हता. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. पट्टी लागली नाही.

सीतादहीच्या आदल्या रात्री पाऊस आला. परतीचा, नको तेव्हा येणारा. सकाळी सगळ्यांची तोंडं उतरली. मामाजी मात्र धोतर नेसून, फेटा बांधून तयार बसले होते. आम्ही निघालो. हे स्टेअरिंगवर, शेजारच्या पुढच्या खुर्चीत मामाजी, आणि त्यांच्या पाठीशी आडव्या बाकावर मी, त्यांचे दोन्ही खांदे धरून, मांडीवर दहीभाताचा डबा. फाट्याच्या कडुलिंबापाशी ह्यांनी क्षणभर गाडी थांबवली. "चाल," मामाजी म्हणाले, बैलांना म्हणतात तसं.

पांदणीत शिरलो. चाकोऱ्यांत पाणी होतं. मी बाजूने बाहेर वाकून चाकाकडे पाहत होते. पहिल्या काही हातांतच माती चढू लागली. खाचा भरल्या, मग टायरच दिसेनासा झाला, काळा, चकचकीत, फुगत जाणारा गोळा नुसता. मुठीची जागा बोटांवर आली. वळणाची विहीर समोर दिसली आणि ह्यांनी स्टेअरिंग पूर्ण वळवलं. मी कान टवकारले. खर्र आली नाही. माती पाट्यांना चाटून जात होती, सोलून पडत होती, पुन्हा चढत होती, आणि चाक आपलं फिरत होतं, वळत होतं, वर खाली होत होतं. जिथे मागच्या वर्षी जीप पोटावर बसली होती तो उंचवटा खालून निघून गेला.

आणि मग कुंपण संपलं आणि वावर उघडलं. मी ते कधी जवळून पाहिलं नव्हतं. काळी, ओली, चमकणारी जमीन थेट आभाळापर्यंत आणि तिच्यावर पांढरी फुटलेली बोंडं. नजर टाकावी तिकडे तेच, आणि मोजणार कोण? पावसाने धुतलेलं ऊन त्यावर पडलं होतं. मी आयुष्यभर गल्लीत राहिलेली बाई, नजर कुठे थांबवावी ते मला कळेना. आमच्या घरातला तो खुर्चीत बसलेला माणूस एवढ्या मोठ्या जागेचा होता, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

ह्यांनी जीप धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, थेट कापसाच्या पहिल्या ओळीशी नेऊन उभी केली. मी दहीभात झाडांशी ठेवला, हळदकुंकू वाहिलं. ह्यांनी एक झाड वाकवून मामाजींच्या हाताशी धरलं. त्यांनी बोंड तोडलं. ते हातात धरून त्यांनी मान खाली घातली, मला वाटलं नमस्कार करत आहेत. मी पुढे गेले आणि त्यांच्या नजरेमागून पाहिलं.

ते आपल्या पायांकडे पाहत होते. सबंध पांदणभर पुढच्या चाकाने उडवलेली माती त्यांच्या पायांवर बसली होती. घोट्यांपर्यंत, वर पिंढऱ्यांपर्यंत, बोटांच्या फटींतसुद्धा. पांढरं धोतर गुडघ्याखाली काळंभोर झालं होतं. रविवारी संध्याकाळी ओट्यावर यायचे ते पाय, अगदी तेच.

"लागली वं, सूनबाई," ते म्हणाले.

पट्टी का नको होती, ते त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

घरी आल्यावर सवयीने मी गरम पाण्याचं घंगाळ घेऊन गेले. त्यांनी हाताने थांबवलं. "आज राहू दे." आम्ही त्यांना पलंगावर निजवलं. त्या सकाळीच मी घातलेली नवी पांढरी चादर होती. तिच्यावर ते ओल्या मातीचे पाय लांब करून ते झोपले, या वेळी भिंतीकडे पाठ करून, आमच्याकडे तोंड करून. दाराशी उभी राहून मी त्या चादरीकडे पाहत होते, मग घंगाळ उचलून परत नेलं.